पन्हे, भेळ आणि 'आपण'

चैत्र लागला की मराठी पुरवण्यांतून आणि मासिकांतून एक ठरावीक ललित लेख दरवर्षी नव्याने उगवतो. त्याचा साचा वाचकांना एव्हाना पाठ झाला असेल. आरंभी उन्हाचे वर्णन. मग वाळ्याचे पडदे, माठातल्या पाण्यात टाकलेला मोगरा, आजोळचे सारवलेले अंगण. आणि अखेरीस चैत्रगौरीचे हळदीकुंकू. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी. शेवटच्या परिच्छेदात, आपण हे सारे हरवून बसलो, असा एक निःश्वास. या लेखाला आमचा आक्षेप आहे. आक्षेप पदार्थांना नाही, आठवणींनाही नाही. तो त्या शेवटच्या वाक्यातल्या 'आपण' या सर्वनामाला आहे.

हा विषय आम्हाला आताच का सुचला, ते सांगणे भाग आहे. आमच्या मराठी विभागात एक जुना प्रघात आहे. एप्रिलमध्ये शेवटचे तास संपले की एम.ए.चे विद्यार्थी आणि आम्ही अध्यापक महाविद्यालयाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून बसतो. प्रत्येकाने काहीतरी हलके खाणे आणायचे आणि वाटून खायचे, एवढाच कार्यक्रम. यंदा आमच्यापैकीच एकाने उत्साहाने सुचवले की या वेळी 'पारंपरिक महाराष्ट्रीय उन्हाळी पदार्थ' असा विषय ठेवावा. यादी फळ्यावर लिहिली गेली: आंब्याची डाळ, पन्हे, कोकम सरबत, वाटली डाळ, काकडीची कोशिंबीर. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, "सर, यातलं एकही आमच्या घरी होत नाही. मग आम्ही कुठल्या परंपरेतले?"

वर्गात हशा झाला नाही. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते इतके गुळमुळीत होते की ते इथे लिहिण्याची आमची इच्छा नाही. 'सगळं सगळ्यांचंच असतं' अशा धाटणीचे ते होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

प्रथम व्याकरणाकडे वळू, कारण तो आमचा व्यवसाय आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते. 'आपण' त्याला आत घेते. हिंदीतल्या 'हम'ला हा भेद दाखवता येत नाही. गुजरातीला तो येतो, तमिळ-तेलुगूलाही येतो. म्हणजे मराठी लेखकापाशी एक नेमके साधन आहे. 'आम्ही चैत्रात पन्हे करीत असू' हे वाक्य प्रामाणिक आहे: एका घराची, एका आळीची, फार तर एका जातीची ती हकिकत आहे आणि ती तशी सांगितल्याने तिची गोडी तिळमात्र कमी होत नाही. 'आपण चैत्रात पन्हे करीत असू' असे लिहिताच मात्र वाचकाच्या वतीने एक विधान केले जाते. ते वाचकाला ठाऊकही नसेल, किंवा ज्या अंगणात ते पन्हे वाटले गेले त्या अंगणाच्या बाहेर त्याच्या आजीला उभे राहावे लागले असेल. लेखकाने त्याला विचारलेले नसते.

चैत्रगौरीचेच पाहा. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर गौर झोपाळ्यात बसते आणि या काळात सवाष्णींना बोलावून हळदीकुंकू करतात. सवाष्णींना, हा शब्द महत्त्वाचा. ज्या घरात ही डाळ वाटली गेली त्याच घरातली विधवा आत्या किंवा काकू त्या दुपारी कोठे होती? बहुधा पाट्यावर तीच डाळ वाटीत होती. स्मरणरंजनाच्या लेखात ती येत नाही. आली तर 'हाताला चव असलेली' म्हणून येते. म्हणजे जातीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी त्या अंगणातले 'आपण' त्या घरापुरतेही पुरे पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, 'हलक्याफुलक्या खाण्यावरचा हलकाफुलका लेख. त्याच्यावर एवढा भार कशाला?' आमचे म्हणणे असे की, हे खाणे मुळात हलके कधी नव्हतेच. आपल्या समाजात जेवण आणि फराळ यांतला भेद पोटाच्या भुकेने ठरलेला नाही. तो खरकट्याच्या नियमाने ठरला. पाण्यात शिजले ते खरकटे. ते कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही याचे कडक बंधन. दुधात किंवा तुपात केलेले आणि कोरडे भाजलेले मात्र त्या बंधनातून बऱ्याच अंशी सुटलेले. म्हणून प्रवासाला निघताना पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या केल्या जात. म्हणून भडभुंज्याने तापल्या वाळूत फोडलेल्या लाह्या, चुरमुरे आणि फुटाणे गावभर खपत. ज्यांच्या घरचे पाणी चालत नसे त्यांच्यासमोर बसून खाल्ले तरी फारसे बिघडत नसे. 'हलके खाणे' ही कोटीच सोवळ्याने निर्माण केलेली पळवाट आहे. उघड्यावर, चारचौघांत, वाटेत काय खाता येईल, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

ही पळवाट किती अरुंद होती ते 1890 साली पुण्यात दिसून आले. पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी केवळ पेला हाती घेतला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या वादाने पुणे दोन वर्षे ढवळून निघाले. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्याची हकिकत आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचणाऱ्या माणसाला एका पेल्याचा हिशेब द्यावा लागला. मग ज्यांच्यापाशी पद नव्हते, पैसा नव्हता, ब्राह्मण्य नव्हते, त्यांच्या उन्हाळ्याचे काय?

त्याचेही उत्तर लिहून ठेवलेले आहे. आमचे विद्यार्थी ते वाचतात, पण ललित गद्याच्या तासाला नव्हे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मपर लेखनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1901 च्या सुमारासचा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली चार मुले: भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि दिवंगत बहिणीची दोन मुले. अंगावर नवे कपडे, सोबत शिदोरी. मसूर स्थानकावर उतरल्यावर न्यायला कोणी आलेले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना, दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकायची कबुली देऊन एक मिळाला, तो पायी बरोबर चालला. वाटेत पाणी मिळाले ते चिखलाचे, गुरांच्या मलमूत्राने घाण झालेले. रात्री टोलनाक्यापाशी थांबल्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. शिदोरी भरलेली होती, पोटात आग होती, आणि पाण्यावाचून ती मुले उपाशी झोपली.

उन्हाळ्याची सुट्टी, मामा-काकांकडे किंवा वडिलांकडे जाण्याचा आनंद, बरोबर बांधून दिलेला खाऊ, बैलगाडी, उघडे आकाश. आजोळच्या ललित लेखाचे सगळे साहित्य या हकिकतीत हजर आहे. केवळ पाणी नाही. उन्हाळी खाण्यावर मराठीत जे काही लिहिले गेले आहे त्यात या पानांना आम्ही पहिले स्थान देऊ, आणि ती कोणत्याही 'खाद्यसंस्कृतिविषयक' संपादित ग्रंथात का येत नाहीत, असा प्रश्न संपादकांना विचारू. ती मूळ इंग्रजीत आहेत हे कारण पुढे केले जाईल. ते खरे कारण नव्हे.

महाडचेही तसेच. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यानंतर काय झाले ते कमी लोकांना आठवते. हे लोक आता देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या, मांडवात जेवत असलेल्या लोकांवर जमाव चालून गेला. अन्न मातीत तुडवले गेले. पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. तळे सर्वांना खुले असल्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास 1937 साल उजाडावे लागले. कोकणातल्या मार्चच्या उन्हात, उघड्यावर, एकत्र बसून खाणे, हे वर्णन महाडलाही लागू पडते.

तिसरे उदाहरण आमच्या वयाच्या लोकांच्या आईवडिलांचे आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा, नगर, सोलापूर या भागांत खडी फोडण्याच्या आणि तलावांच्या कामांवर लाखो माणसे राबली. या कामांवर सुकडी वाटली जाई. आयात केलेल्या लाल मिलो ज्वारीइतकीच ही सुकडी त्या पिढीच्या जिभेवर आहे. उन्हात, दगडांच्या ढिगाशेजारी, पदरात किंवा टोपीत घेऊन ती खाल्ली गेली, पोरांसाठी राखून घरी नेली गेली. रोजगार हमीचा 1977 चा कायदा या कामांच्या अनुभवातून पुढे आला, म्हणून राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुष्काळ भेटतो. मराठीच्या विद्यार्थ्याला सुकडी क्वचित भेटते. उन्हाळ्याच्या वाटून खायच्या पदार्थांची यादी कोणी करावयास बसला आणि त्याला सुकडी सुचली नाही, तर ती यादी महाराष्ट्राची नव्हे, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

आता प्रतिपक्षाचे दोन आक्षेप घेऊ. दोन्ही आमच्या विभागातच, चहाच्या टेबलावर, आमच्या स्नेह्यांनीच घेतलेले आहेत.

पहिला आक्षेप असा: ललित लेख हा समाजशास्त्रीय अहवाल नव्हे. लेखकाला त्याचे अनुभवविश्व असते. त्याने सगळ्यांचे दुःख मांडावे अशी अपेक्षा कलेच्या स्वायत्ततेवर घाला घालते. आम्ही हा आक्षेप मान्य करतो, आणि म्हणूनच तो उलटवतो. लेखकाने आपले अनुभवविश्व लिहावे, अगदी बारकाईने लिहावे. कैरी किती आंबट होती, डाळ किती जाडसर ठेवली, फोडणीत मिरची कोणती, हे सारे लिहावे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' 1956 सालचे. ते आजही टिकून आहे ते निरीक्षणाच्या नेमकेपणामुळे. कोणते झाड कोणत्या महिन्यात कसे दिसते, हे त्यांनी पाहून लिहिले. साचेबंद चैत्री लेखात नेमकी हीच गोष्ट नसते. त्यात 'सारे', 'अवघे', 'आपण' असे मोठ्या मापाचे शब्द असतात आणि पाहिलेले फारसे काही नसते. ढिसाळ 'आपण' हा प्रथम गद्याचा दोष आहे. नीतीचा दोष तो त्यानंतर ठरतो. ज्या अध्यापकाला विद्यार्थ्याच्या निबंधातले सैल विशेषण खुपते, त्याला हे सर्वनाम का खुपू नये?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. 'अहो, आता कोण कोणाची जात विचारून खातो? चौपाटीवर, बागेबाहेर, एस.टी. स्टँडवर सगळे एकाच गाडीवरची भेळ खातात.' हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे. भेळीचा विचार करून पाहा. चुरमुरे आणि फुटाणे कोरडे आहेत तोवर ते जुन्या नियमाच्या आत होते. त्यावर चिंचेचे पाणी पडले, उकडलेला बटाटा आला, अनोळखी हाताने चिरलेला कांदा आणि कैरी आली, तेच हात पातेल्यात फिरले, की सोवळ्याच्या हिशेबाने सगळे खरकट्यात जमा. तरीही गिरगावापासून कोल्हापूरपर्यंत लोक ती खाऊ लागले. कोणाचे हात, हा प्रश्न गाडीपुढे उभ्या माणसाने विचारायचा सोडला. सहभोजनाच्या चळवळींना जे व्यासपीठावरून सांगावे लागले त्यातले थोडेफार भेळवाल्याने न सांगता करून दाखवले.

परंतु मग प्रश्न असा की, हीच भेळ आमच्या फळ्यावरच्या 'पारंपरिक' यादीत का नव्हती? जयसिंगपूर-सांगलीकडचे भडंग का नव्हते? ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, जी उन्हातान्हात राबणाऱ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या पोट थंड ठेवण्यासाठी घेतली, ती का नव्हती? ज्या खाण्यावर एका घराण्याचा किंवा जातीचा शिक्का मारता येत नाही ते परंपरा ठरत नाही. ते 'बाहेरचे खाणे' ठरते. आणि जे एका लहान वर्गाच्या माजघरात होत होते ते मात्र 'महाराष्ट्रीय' ठरते. पाककृतींच्या पुस्तकांचा यात मोठा वाटा आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली आले आणि कितीतरी घरांतल्या मुलींना त्याने स्वयंपाक शिकवला; त्याचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण छापील पान हेच स्वयंपाकघराचे प्रमाण झाले की जे छापले गेले नाही ते नव्हतेच, असा समज होतो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' येण्यास 2015 साल उजाडले. शीर्षकातल्या त्या एका 'अ'वर आमच्या वर्गात अख्खा तास चर्चा झाली आहे. दया पवारांच्या 'बलुतं'ला 1978 पासून आपण अभ्यासक्रमांत मान देतो, पण त्यातली भूक 'दलित आत्मकथन' या कप्प्यात आणि पन्हे 'ललित गद्य' या कप्प्यात, अशी वाटणी अजून चालू आहे. दोन कप्प्यांचे पेपर वेगळे, प्रश्न वेगळे, परीक्षकही बहुधा वेगळे. ही वाटणी आम्हीच शिकवतो, हे या लेखाच्या लेखकांनी कबूल केले पाहिजे.

कबुलीचा आणखी एक भाग आहे आणि तो सांगणे आम्हाला जड जाते. त्या प्रसंगानंतर यादी पुसली गेली आणि आम्ही प्रायश्चित्ताच्या घाईत त्या विद्यार्थिनीला म्हणालो, "मग तू तुमच्याकडचा खास उन्हाळी पदार्थ आण." ती म्हणाली, "सर, उन्हाळ्यात आमच्याकडे खास असं काही नसतं. भाकरी असते, ठेचा असतो, कांदा असतो. पावसाळ्यातही तेच असतं." आम्ही तिच्याकडून पुन्हा एक प्रदर्शनीय पदार्थ मागितला होता. पूर्वी अंगणाबाहेर ठेवायचे. आता आत बोलावून सांगायचे की तुमचे वेगळेपण ताटलीत घालून आणा. दोन्ही वेळी यजमान आम्हीच. 'आपण'ची ही दुसरी फसगत पहिलीहून सूक्ष्म आहे, आणि समावेशकतेच्या उत्साहात असलेल्या आमच्यासारख्या अध्यापकांनी तिच्यापासून अधिक जपले पाहिजे.

शेवटी कडुनिंबाखाली बसलो तेव्हा विषय नव्हता. एकाने चुरमुऱ्यांचे पोते आणले, कोणी शेव, कोणी कैऱ्या. तिने घरून ठेचा आणला होता. तो चटणी म्हणून भेळीत गेला आणि दोन अध्यापकांच्या डोळ्यांतून पाणी काढून गेला. पन्हेही होते, ते सर्वांना आवडले. पाण्याचा माठ एकच होता आणि ओगराळेही एकच. या गोष्टीची नोंद घ्यावी असे तिथे कोणाला वाटले नाही. आम्हालाही ती हा लेख लिहिताना आठवली.

आमची मागणी फार मोठी नाही. 'ललित गद्य' शिकवताना वर्गात एक सराव घ्यावा: निवडलेल्या लेखातल्या प्रत्येक 'आपण'खाली रेघ ओढावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे की यात कोण आहे, कोण नाही, आणि लेखकाला ते ठाऊक आहे का. उन्हाळ्यावरचे लेख शिकवताना मसूर स्थानकावरची ती चार मुले त्याच तासाला शिकवावीत, वेगळ्या पेपरात नव्हे. आणि जे चैत्रावर लिहितात त्यांनी पन्ह्याबद्दल खुशाल लिहावे, फक्त 'आम्ही' असे लिहावे. ज्या दिवशी त्या जागी 'आपण' म्हणता येईल, तो दिवस लेखकाने एकट्याने ठरवायचा नसतो.